शिखराअलीकडची नोंद

मी एक खेळ बोलतोय. मैदानावरचा नव्हे, पत्त्यांचाही नव्हे. बिस्किटाएवढी एक राखाडी डबी, तिच्या आत एक हिरवी पट्टी, पट्टीवर दोन चिप आणि नाण्यासारखी एक गोल बॅटरी, एवढाच माझा देह. हातात मावणाऱ्या यंत्रात मला खोचतात आणि मग पडद्यावर बर्फ पडू लागतं. दुकानात मला कार्ट्रिज म्हणत. सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या ज्या घरात मी राहतो तिथली आई मला कॅसेट म्हणते. तिच्या तोंडून मला तेच बरं वाटतं.

माझ्या दोन चिपांचं आधी सांगायला हवं. एकीत माझी गोष्ट कायमची कोरलेली आहे. ती मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. दुसरीत खेळणाऱ्याची नोंद असते: कुठवर आला, बरोबर कोण आहे, किती वेळ चालला. ही नोंद कोरलेली नसते. ती बॅटरीच्या जिवावर असते. बॅटरीचा हात क्षणभर जरी सुटला, तरी नोंद गेली. मागे डागसुद्धा राहत नाही.

मी जन्मलो ओसाकात, एका चिंचोळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. दहा-बारा माणसं होती. ती टेबलाखाली झोपत, उठून तोंड धुवायच्या आधी पडदा बघत. त्यांनी माझ्यासाठी खूप काही केलं आणि त्यातलं बरंचसं कापून टाकलं, कारण चिपमध्ये जागा नव्हती. एक शहर गेलं. एक लग्न गेलं. संगीत करणाऱ्याला वाऱ्याचा आवाज हवा होता, त्याला एका शिट्टीवर भागवावं लागलं. नोंदी तीन ठेवायच्या होत्या, म्हणजे एका घरातल्या तिघांना खेळता आलं असतं. शेवटी जागा एकीलाच उरली. दिग्दर्शक म्हणाला, असला खेळ माणूस एकट्यानंच खेळतो. कुणी वाद घातला नाही. सगळे थकले होते.

वाद झाला तो शेवटावरून. माझी गोष्ट अशी आहे. एका मुलुखात हिवाळा येतो आणि जातच नाही. तिथल्या शिखरावर पूर्वी एक घंटा होती, ती वाजली की बर्फ वितळायचं. आता ती फुटून तिचे तुकडे सात दऱ्यांत विखुरलेत. घंटा ओतणाऱ्या कारागिराची मुलगी ते गोळा करायला निघते. बरोबर एक थकलेला शिपाई, जखमा बऱ्या करणारी एक बाई आणि कंदील धरून चालणारी एक म्हातारी. चौघं सातही दऱ्या पालथ्या घालतात, शिखर चढतात, घंटा जोडतात. पण घंटा वाजती ठेवायला कुणाला तरी वर राहावं लागतं. मुलगी राहते. तिघं खाली उतरतात. खाली गवत उगवलेलं असतं.

निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की शेवटच्या दृश्यात तिला परत आणू या, मुलं खेळणार आहेत. कथा लिहिणारी बाई ऐकेना. ती परत आली तर एवढा हिवाळा खोटा ठरतो, असं ती म्हणत राहिली. तिचंच खरं झालं. मला तेव्हा काही वाटलं नाही. मला अजून कुणी हातात घेतलं नव्हतं.

सिंगापूरला मी कसा आलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते हौगांगमधल्या एका दुकानाच्या काचेमागे. तिथून मला रत्नदीप नावाच्या माणसानं उचललं. मूळचा नागपूरचा, इथल्या एका चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनियर. मुलीचा वाढदिवस होता. डबीवरचं चित्र त्याला आवडलं, अक्षरं त्यानं पाहिलीच नाहीत. दुकानदारानं सांगितलं, स्टोरी सेम, लँग्वेज ओन्ली डिफरंट.

मुलीचं नाव दीप्ती. तिनं मला यंत्रात खोचलं, पडद्याकडे पाहिलं आणि बापाकडे पाहिलं.

"पप्पा, हे सगळं जपानी आहे. हाऊ टु प्ले?"

"शिकायचं," रत्नदीप म्हणाला. "बाबासाहेबांनी पालीचा कोश केला. तुला एक मेनू वाचायचाय."

"एव्हरीथिंग ऑल्सो बाबासाहेब," असं म्हणत ती खोलीत गेली, पण शिकली. जपानी अक्षरांचा तक्ता तिनं फ्रिजवर चिकटवला. तिची आई हर्षा कुरकुरायची की दूध काढायला गेलं तरी ही बया तासभर दार उघडं ठेवून उभी.

माझ्यात चौघांची नावं खेळणाऱ्यानं घालायची असतात. दीप्तीनं मुलीचं नाव ठेवलं दिपू. शिपायाचं पप्पा. जखमा बऱ्या करणारीचं आई. कंदीलवालीचं आजी, म्हणजे नागपूरची कमलाबाई, जिला फोनवर हे सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं की कंदील का, त्यांच्याकडे लाइट नाही का.

नोंद करायची माझी एक पद्धत आहे. वाटेत जागोजागी दगडाच्या लहान मूर्ती आहेत, गळ्यात लाल कापड बांधलेल्या. त्यांच्यापुढे चौघांनी गुडघे टेकून हात जोडले की नोंद होते. एका संध्याकाळी रत्नदीप तिच्या खांद्यावरून बघत होता.

"माझ्या नावाचा माणूस दगडापुढे हात जोडतोय?"

"तो देव नाही, पप्पा. सेव्ह पॉइंट आहे."

"हात न जोडता नाही का होत सेव्ह?"

"ट्राय करून बघा."

त्यानं खरंच यंत्र हातात घेऊन सगळी बटणं दाबून बघितली. स्वयंपाकघरातून हर्षा म्हणाली, "बावीस प्रतिज्ञांमध्ये कॅसेटबद्दल काही नाही. जेवायला या."

दोन वर्षं मी त्या मुलीच्या दप्तरात, उशीखाली, एलआरटी गाडीच्या बाकावर राहिलो. ती घाईनं खेळणाऱ्यांतली नव्हती. प्रत्येक झोपडीत शिरायची, प्रत्येक म्हातारीशी बोलायची, मग आईमागे फिरून ती गोष्ट मराठीत सांगायची. हर्षा भाजी चिरता चिरता हं हं म्हणायची. ती ऐकते आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन हजार पाच साली शहरात डेंगीची साथ आली. अधिकारी खालच्या मजल्यांवर धूर मारून गेले. कॉरिडॉरमधल्या कुंड्या तपासून गेले. दीप्तीला ताप आला, उतरला, परत आला. हॉस्पिटलात जाताना तिनं मला बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी ती बरी होती. सातवी दरी संपवून ती शिखराच्या पायथ्याशी आली, तिथल्या मूर्तीपुढे चौघांनी हात जोडले. मग यंत्र आईच्या हातात देऊन म्हणाली, "सेव्ह केलंय. बंद कर. उद्या चढते."

हर्षानं बंद केलं. त्यानंतर तिथं मला कुणी सुरू केलं नाही.

मंडाईच्या स्मशानभूमीत तिला नेलं तेव्हा मी नव्हतो. त्रिशरण-पंचशील म्हणायला घरी माणसं जमली, तेव्हा मी दिवाणखान्याच्या खणात होतो आणि मला ऐकू येत होतं. माणसं गेल्यावर कुंड्या ओढल्याचा आवाज आला. हर्षानं कॉरिडॉरमधल्या सगळ्या कुंड्या पालथ्या केल्या, खालच्या बशा धुऊन पुसून कपाटात ठेवल्या. अधिकाऱ्यांना त्या कुंड्यांमध्ये काही सापडलं नव्हतं. रत्नदीपनं तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.

पुढे बरेच महिने खण उघडला नाही. मग एका दुपारी उघडला. रत्नदीप कामावर होता. हर्षानं मला यंत्रात बसवलं, सोफ्याच्या टोकावर बसली आणि सुरू केलं. पडद्यावर ओळ उमटली: दिपू, शिखराचा पायथा, आणि पुढे खेळलेले तास. ती ओळ ती कितीतरी वेळ बघत होती.

तिला जपानी येत नव्हतं. पण मुलीनं भाजी चिरताना सांगितलेलं सगळं तिच्याकडे होतं. कुठलं बटण दाबलं की आई जखमा बऱ्या करते, कुठल्या पाटीवर धोका लिहिलाय, कंदील कधी वर धरायचा. ती चौघांना घेऊन थोडी वर चढायची. वादळात सापडायची. पप्पा पडायचा, आजी पडायची, मग सगळी. ती यंत्र बंद करायची. दुसऱ्या दुपारी सुरू केलं की चौघं पुन्हा पायथ्याशी, मूर्तीसमोर, दीप्तीनं ठेवली होती तशीच उभी.

वाटेत अर्ध्यावर दुसरी मूर्ती आहे. तिच्यापुढे हात जोडले असते तर हर्षाची चढण राखली गेली असती. पण नोंद एकच. नवी झाली की जुनी जाते. हर्षा त्या मूर्तीजवळून रोज जायची आणि थांबायची नाही. एका दमात शिखर गाठायचं, असं तिनं ठरवलं होतं. रोज ती आदल्या दिवसापेक्षा थोडी वर पोचायची आणि रोज सगळं सोडून द्यायची. दोन वर्षं. माणसं एखादं काम किती वेळा करू शकतात, हे मला त्या बाईकडून कळलं.

आणि मला वर काय आहे ते माहीत होतं. तिला वाटायचं, शिखर गाठलं की पोर घरी येईल. एकदा तीच पुटपुटली होती, "चल, आता खाली जायचंय आपल्याला." मला तोंड असतं तर मी तिला पायथ्याशीच अडवलं असतं. मला फक्त बर्फ पाडता येतं. मी पाडत राहिलो.

मग एका दुपारी ती ओळ आलीच नाही. पडदा कोरा, खाली फक्त 'सुरुवातीपासून' असा शब्द. हर्षानं मला बाहेर काढलं, फुंकर मारली, पदरानं पुसलं, परत खोचलं. ओळ आली. संध्याकाळी रत्नदीप बूट काढत होता तेव्हा तिनं सांगून टाकलं.

त्याला धक्का बसला तो माझ्यामुळे नाही. तो समजत होता की खण बंद आहे.

त्यानं बारीक स्क्रू काढून मला उघडलं, मीटर लावला. बॅटरी शेवटाला आली होती. कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणाला. आज, नाहीतर सहा महिन्यांनी. बदलायला हवी. पण बॅटरी काढली की नोंद जाते, म्हणून आधी दुसऱ्या तारांनी वीज पुरवायची, ती चालू असताना जुनी काढायची आणि नवी डकवायची. मध्ये श्वासभरही खंड पडता कामा नये.

"नको," हर्षा म्हणाली. "त्यापेक्षा मी वर जाते. थोडंच राहिलंय."

"आणि मग? ते टिकणार आहे का? बॅटरी तीच."

"टिकायचं कशाला? ती तिथं थंडीत उभी आहे, अहो. दोन वर्षांच्या वर. तुम्हाला ती तशीच उभी ठेवायची आहे."

"तिच्या हातची शेवटची गोष्ट आहे ती, हर्षा. मला दुसरं काही नको. तेवढी राहू दे."

हर्षा उठून आत गेली. त्या घरात माणसं भांडत नाहीत, आत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या चहाशेजारी मला ठेवलं. एवढंच म्हणाली, "सांभाळून करा."

रत्नदीपइतकं सांभाळून कोण करणार? तो दिवसभर अशा खोलीत काम करतो जिथं धुळीचा कण चालत नाही. अंगातल्या स्थिर विजेच्या एका ठिणगीनं चिप मरते, म्हणून तिथं माणूस, टेबल, हत्यार, सगळं तारेनं जमिनीला जोडलेलं असतं. त्यानं रजा घेतली. ओळखीच्या प्रयोगशाळेतून वीज पुरवणारं यंत्र आणलं, चांगली सोल्डरिंगची लेखणी आणली. जेवणाच्या टेबलावर काळी रबरी चटई अंथरली. मनगटाला पट्टा बांधला. चटई जमिनीला जोडली. लेखणी जोडली. पुरवठ्याच्या यंत्राची एक बाजूही जोडली. सवयीनं जोडली, जसा आपण घराबाहेर पडताना दाराला कडी लावतो, तशी.

हर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली नाही.

त्यानं तारा डकवल्या. मीटर पाहिला. सगळं ठीक होतं, वीज दोन्हीकडून येत होती. मग जुनी बॅटरी सोडवायला लेखणीचं टोक तिच्या वरच्या पत्र्याला टेकवलं. टोक जमिनीला जोडलेलं. पुरवठाही जमिनीला जोडलेला. जी वीज माझ्याकडे यायची ती जवळच्या वाटेनं निघून गेली. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. मीटरचा आकडा खाली जाऊन परत वर आला.

त्या क्षणी काय गेलं ते मला सांगता येत नाही, कारण गेलं ते माझ्यातलंच होतं. चौघांची नावं, शिखराचा पायथा, तास, हे सगळं मी तुम्हाला त्या दोघांच्या बोलण्यातून ऐकलेलं सांगतोय. माझ्याकडे त्यातलं काहीही नाही.

रत्नदीपनं आकडा पाहिला होता. तरी त्यानं काम पुरं केलं. नवी बॅटरी बसवली, तारा काढल्या, स्क्रू लावले, मला यंत्रात खोचलं. पडद्यावर एकच शब्द आला. त्यानं मला काढून परत खोचलं. तिसऱ्यांदा हर्षा येऊन त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पुरे."

"दोन पेन्सिल सेल लावले असते तरी चाललं असतं," तो म्हणाला. "दोन साधे सेल, हर्षा. जमिनीला काही जोडायलाच नको होतं. मी अर्थिंग केलं."

त्यानंतर तो जे रडला ते मी सांगणार नाही. मनगटाचा पट्टा काढायचा राहून गेला होता, आणि तो उठायला गेला की तार त्याला टेबलाकडे ओढत होती.

खोटं का बोलू? पहिल्या घटकेला मला हायसं वाटलं. आता ही दोघं शिखरावर जाणार नाहीत. खाली गवत उगवलंय आणि तिघंच उतरतायत, हे त्यांना बघावं लागणार नाही.

पण माणसं तशी नसतात. आठवड्याभरानं रत्नदीपनं कामावरून येऊन मला सुरू केलं. सुरुवातीपासून. नावांच्या चौकटीत त्यानं चार नावं लिहिली, तिनं ठेवली होती त्याच क्रमानं. फ्रिजवरचा तक्ता काढून मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर जुळवत बसला. तिथपर्यंत परत न्यायचं, असं त्याचं चाललंय. त्याच जागी, त्याच मूर्तीसमोर उभं करायचं.

"ते तिचं होणार नाही," हर्षा म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

पहिल्या मूर्तीपाशी त्याच्या नावाचा शिपाई गुडघ्यांवर बसला, हात जोडले, नोंद झाली. रत्नदीप पुढे चालला.

तो वाईट खेळतो. पहिल्याच दरीत तीनदा मेला. परवा चौथ्यांदा निघाला तेव्हा हर्षा कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं मान वर केली नाही. "डावीकडून जा," म्हणाली. "उजवीकडे लांडगे असतात. आणि त्या झोपडीत जाऊन या, म्हातारी पोळी देते. दिपू कधी तशीच पुढे गेली नाही."

तो झोपडीत गेला. म्हातारीनं पोळी दिली. हर्षा घड्या बाजूला सारून त्याच्या शेजारी येऊन बसली.

आता दोघंही चालतायत आणि मी त्यांना घेऊन शिखराकडे निघालोय. मला दुसरीकडे जाता येत नाही, माझी गोष्ट कोरलेली आहे. मुलीला वर नेऊन सोडायचं, यासाठीच मला बनवलं. तिला मी वाचवू शकत नाही, तुम्ही दोघांनी कितीही सांभाळून नेलंत तरी.

म्हणून एवढंच मागतो. घाई करू नका. सात दऱ्या आहेत, प्रत्येक दरीत पुष्कळ झोपड्या आहेत, प्रत्येक झोपडीत कुणीतरी बोलायला बसलेलं आहे. नवी बॅटरी बरीच वर्षं टिकेल, रत्नदीप, तुम्ही ती नीट बसवली आहे. पहिल्या दरीत अजून बर्फ कमी आहे. दिपू पुढे चालते आहे, मागे तिची आई, पप्पा, आजी. चौघं आहेत. आज इथेच थांबा. उद्याही इथेच या.